सुगम गायकाची तालीम



सुगम संगीत गाणाऱ्यांच्या आणि ते शिकविणाऱ्यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मजकडे सोपविलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. या पदावरून संगीताच्या अनेक अंगांचा परामर्श घेता येईल. परंतु आजचे माझे निवेदन मी एकाच प्रश्नापुरते मर्यादित ठेवणार आहे, कारण तो प्रश्न आपणा सर्वांच्या दारी रोज येऊन उभा राहतो. सोळा-सतरा वर्षांची मुलगी पालकांसह आपल्याकडे येते आणि ‘मला गाण्यातच आयुष्य काढायचे आहे’ असे निःसंकोचपणे सांगते. तिच्या मनातले गाणे म्हणजे भावगीत, अभंग, गझल, चित्रपटगीत किंवा मालिकेचे शीर्षकगीत असते. आणि तिला नेमके काय, कोणत्या क्रमाने व कोणत्या जबाबदारीने शिकवावे, याचे सर्वमान्य उत्तर आपल्यापाशी नसते.

माझे म्हणणे आरंभीच सांगतो ते असे, की सुगम गायन ही स्वतःचे शास्त्र, स्वतःची साधने आणि स्वतःच्या अडचणी असलेली स्वतंत्र विद्या आहे. तिच्यावर उपजीविका करू इच्छिणाऱ्याला त्या विद्येची स्वतंत्र तालीम मिळणे हा त्याचा हक्क आहे. आणि ती तालीम सिद्ध करण्याचे काम आपल्यावाचून दुसरे कोणी करणार नाही.

ही विद्या अवघ्या शतकभराची आहे. संगीत नाटकाच्या वैभवकाळात बालगंधर्वांसारख्या नटाला नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवावयाचे असे, आणि त्या काळच्या आवाजाची जडणघडण त्या गरजेतून झालेली होती. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा रात्रभर विस्तारणारे गाणे तीन मिनिटांत बसविण्याची कला आपल्या गायकांना शिकावी लागली. आणि १९२५ च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रणाबरोबर माइक आला, तेव्हा मोठ्याने न गाताही दूरवर पोचणारा, कानाशी बोलल्यासारखा आवाज प्रथमच शक्य झाला. नागपूरचे जी. एन. जोशी आणि त्यांच्यामागून गजानन वाटवे यांनी कवितेला चाल लावून ती घरोघरी नेली, ती या नव्या आवाजाच्या बळावर. पुढे पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभराहून अधिक काळ ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते सुधीर फडके यांच्या संगीतात प्रसारित झाली, आणि आठवड्याला एक नवे गीत ऐकण्यासाठी महाराष्ट्र रेडिओभोवती जमू लागला, तेव्हा ‘गीतरामायणा’ने हे गाणे महाराष्ट्राच्या घराघरांत स्थिर केले. आकाशवाणीनेही सुगम संगीताची स्वरचाचणी रागसंगीताहून वेगळी ठेवली आणि तिच्यासाठी स्वतंत्र श्रेणी ठरविल्या. जिची परीक्षा वेगळी होते, तिचे शिक्षणही वेगळे असणे क्रमप्राप्त होते; परंतु ते झाले नाही.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि संगीत घराण्यांच्या दारांतून सर्वसामान्यांच्या मुलांपर्यंत आणले, हे ऋण कधीही फिटणारे नाही. त्यांच्या शिष्यांनी १९३१ नंतर जी परीक्षापद्धती उभी केली, तिच्या प्रारंभिकपासून अलंकारापर्यंतच्या पायऱ्या आज गावोगावची मुले चढतात. मात्र ती योजना रागसंगीतासाठी आखलेली आहे. विशारदाची सनद हाती असलेली विद्यार्थिनी यमनचा बडा ख्याल नेटका मांडते; परंतु तिच्यापुढे आठ ओळींची कविता आणि माइक ठेवला, की श्वास कोठे घ्यावा, कोणता शब्द उचलावा आणि कोणती हरकत सोडून द्यावी, याचा निर्णय तिला करता येत नाही. तिने मेहनत कमी केलेली नसते. जे काम तिला करावयाचे आहे, ते तिच्या अभ्यासक्रमातच कोणी लिहिलेले नसते.

या अभ्यासक्रमाचा पहिला विषय मी आवाज मानतो. आपण गाणी शिकवितो, राग शिकवितो, परंतु ज्या गळ्यातून ती यावयाची त्याची रचना शिष्याला क्वचितच सांगतो. प्रौढ स्त्रीच्या स्वररज्जू सुमारे बारा ते सतरा मिलिमीटर आणि पुरुषाच्या सतरा ते पंचवीस मिलिमीटर लांबीच्या असतात. काळी चारचा षड्ज धरणाऱ्या गायिकेच्या स्वररज्जू मध्य षड्जावर सेकंदाला सुमारे २०८ वेळा आणि तार षड्जावर सुमारे ४१५ वेळा एकमेकींस भिडतात. म्हणजे तासाभराच्या रियाजात त्या कोमल पेशींवर लाखो आघात होतात. गळा आवळून, मान ताणून, श्वास अपुरा ठेवून हे आघात वर्षानुवर्षे होत राहिले, तर स्वररज्जूंवर गाठी येतात, आवाज खरखरू लागतो, आणि व्यवसाय स्थिर व्हावयाच्या वयात गायकाला मौन धरण्याचा सल्ला घ्यावा लागतो. ज्या आरशाने घशातील स्वरयंत्र प्रथम नीट पाहिले गेले, तो आरसा १८५४ साली आपल्या घशात धरणारा मान्युएल गार्सिया हा गायन शिकविणारा गुरू होता, ही गोष्ट आपण शिक्षकांनी अभिमानाने स्मरावी. आपल्याकडेही पलुस्करांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी मुंबईत विद्यालय चालवीत असताना पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास केला आणि आवाजसाधनेचा शास्त्रीय विचार मांडला, डॉ. अशोक रानडे यांनी तोच विचार गायकांबरोबर नटांपर्यंतही नेला. वाट त्यांनी घालून दिलेली आहे. तिच्यावरून नित्य चालणे आपल्याकडे आहे.

त्या वाटेवरील कामे साधी आहेत. खर्जाचा अभ्यास सकाळी व्हावा, पण खर्ज दाबून लावू नये; आकार मोकळा असावा; श्वास खांदे न उचलता पोटाच्या व बरगड्यांच्या आधाराने घ्यावा आणि तो स्वराबरोबर सावकाश खर्चावा; आणि प्रत्येक शिष्याची पट्टी त्याच्या गळ्याला विचारून ठरावी. चित्रपटातील मूळ गीत ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत गाण्याचा हट्ट ही आज आवाज बिघडण्याची मोठी वाट झाली आहे. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांनी लहान मुलांना मोठा मंच दिला, त्यांतून गुणी गळे पुढे आले, हे मी मान्य करतो; परंतु बारा ते पंधरा या वयात मुलांचा आवाज फुटत असताना त्यांच्याकडून प्रौढांची गाणी प्रौढांच्या पट्टीत घोटून घेणे हा त्यांच्या पुढील आयुष्यावर अन्याय आहे, आणि पालकांचा आग्रह असला तरी ‘वर्षभर थांबा’ असे म्हणण्याचे धैर्य गुरूच्या ठायी असलेच पाहिजे.

दुसरा विषय शब्द. यशवंत देव यांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या ग्रंथातून आणि आपल्या शिबिरांतून हा विचार आयुष्यभर मांडला, की सुगम गायकाने प्रथम कविता समजून घ्यावी आणि मग ती गावी. हा विचार आपण वंदनीय मानला, पण रोजच्या तालमीत उतरविला नाही. गाणे पेटीवर घेण्यापूर्वी शिष्याने ते मोठ्याने वाचून दाखवावे, असा नियम किती वर्गांत आहे? मराठीत ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळा, ण आणि ळ यांची स्थाने वेगळी, ‘दिन’ शब्दातली वेलांटी सुरावर लांबली, की ऐकणाऱ्याला ‘दीन’ ऐकू येतो आणि कवीचा अर्थ पालटतो. शेवटच्या अक्षरावर थांबावयाचे असता सूर स्वरावर धरावा आणि व्यंजन अखेरीस हलकेच मिटावे. श्वास सामासिक शब्दाच्या मध्यावर तोडू नये. हे सारे शिकविता येते, तपासता येते, आणि दुरुस्त करता येते. सुधीर फडके यांच्या गाण्यात प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू येते, ते केवळ दैवी देणगीने नव्हे, तर अक्षरावर केलेल्या मेहनतीने. लता मंगेशकरांच्या उर्दू उच्चारांविषयी तरुणपणी दिलीपकुमारांनी शंका व्यक्त केली, तेव्हा त्यांनी शिक्षक ठेवून त्या भाषेचा रीतसर अभ्यास केला. ज्या भाषेत गावयाचे तिची तालीम घेणे हा व्यावसायिक गायकाचा धर्म आहे, याला याहून थोर दाखला नको.

तिसरा विषय माइक आणि ध्वनिमुद्रणगृह. एके काळी गायक आणि सबंध वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच खोलीत गीत मुद्रित करीत. आज गायक कानांवर हेडफोन चढवून तयार ट्रॅकवर एकटा गातो, ओळीओळीने टेक देतो, आणि पुष्कळदा सहगायिकेची भेटही होत नाही. माइकच्या निकट गेले की खालचे स्वर भरदार होतात, ‘प’ आणि ‘भ’ यांचे फुत्कार उठतात, श्वासाचा आवाज गाण्याइतका स्पष्ट ऐकू येतो. श्वास कोठे आणि कसा घ्यावा, म्हणजे ऐकणाऱ्याला तो जाणवणार नाही, हे आपण अनिल विश्वासांकडून शिकलो, असे लताबाईंनी कृतज्ञतेने सांगितले आहे. म्हणजे हीही गुरुमुखाने देण्याचीच विद्या आहे. १९९७ पासून सूर दुरुस्त करणारी यंत्रणा बाजारात आली, म्हणून सुरांच्या साधनेची निकड संपली असे कोणी समजू नये. यंत्र उतरलेला स्वर जागेवर बसवील. परंतु स्वराकडे जातानाची मींड, शब्दावरचा कण, आणि ओळीच्या अखेरीचा विसावा गायकालाच आणावा लागतो, आणि मंचावर श्रोत्यांसमोर तर गायक आणि त्याचा रियाज एवढेच उरतात.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे मला अगत्याचे वाटते. सुगम गायनाची तालीम स्वतंत्र केली, तर रागसंगीताचा पाया सुटेल आणि उथळपणा वाढेल, अशी भीती काही ज्येष्ठ बोलून दाखवितात. मला ती निराधार वाटते. सुधीर फडके कोल्हापुरात वामनराव पाध्ये यांच्याकडे शिकले. लताबाईंनी भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांच्यापाशी गंडा बांधला. हृदयनाथ मंगेशकरांना उस्ताद अमीर खाँ यांची तालीम लाभली. पाया कोणीच सोडलेला नाही, आणि मीही सोडा असे म्हणत नाही. पलटे, अलंकार, निदान पंधरा-वीस रागांची ओळख आणि तालाची पक्की जाण यांवाचून कोणालाही व्यावसायिक गायक म्हणू नये. मात्र ख्यालात जी मुरकी निवांत फुलते, ती भावगीतात अर्ध्या मात्रेत, शब्द न मोडता घ्यावी लागते. ख्यालात जो आलाप विचार मांडतो, तो भावगीतात एखाद्या ओळीपूर्वी चार स्वरांत सूचित करावा लागतो. हा संकोच आणि संयम ही वेगळी मेहनत आहे, आणि ती वेगळी शिकवावी लागते. कुमार गंधर्वांनी क्षयाच्या आजारानंतर आपल्या श्वासाची मर्यादा ओळखून छोट्या, तेजस्वी स्वरवाक्यांतून नवी गायकी घडविली, हे उदाहरण रागसंगीतातले असले तरी सुगम गायकाने मनाशी धरावे: आपल्या गळ्याची नेमकी ताकद ओळखणे हा शैलीचा आरंभ आहे.

चौथा विषय व्यवहाराचा आहे, आणि तो सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही. आपला गायक बिदागीची बोलणी करण्यास लाजतो, करारनामा न वाचता त्यावर सही करतो, आणि आपला आवाज कोणत्या माध्यमासाठी व किती काळासाठी विकला हे त्याला पुढे कोणी दुसराच सांगतो. २०१२ सालच्या दुरुस्तीने स्वामित्वहक्काच्या कायद्यात कलावंतांच्या हक्कांची तरतूद अधिक स्पष्ट झाली आणि ध्वनिमुद्रणाच्या व्यापारी उपयोगातून गायकाला मानधनाचा वाटा मागता येतो. परंतु कायदा पुस्तकात असून भागत नाही, तो शिष्याला ठाऊक असावा लागतो. शिष्याच्या पोटापाण्याची फिकीर करणे हे गुरुत्वाला कमीपणा आणणारे नसून गुरुत्वाचाच एक भाग आहे.

या विवेचनाच्या आधारे मी परिषदेपुढे पाच सूचना ठरावासाठी ठेवतो. पहिली, व्यावसायिक तालमीस येणाऱ्या प्रत्येक शिष्याच्या स्वरयंत्राची कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून आरंभी आणि पुढे दरवर्षी तपासणी व्हावी. दुसरी, आवाज फुटण्याच्या वयातील मुलांना स्पर्धेच्या तयारीसाठी घेऊ नये. तिसरी, काव्यवाचन आणि उच्चार हे स्वतंत्र, गुण असलेले विषय व्हावेत. चौथी, शेवटच्या वर्षी प्रत्येक शिष्याने ध्वनिमुद्रणगृहात प्रत्यक्ष काम करावे. पाचवी, करार व कायदा यांवर जाणकार वकिलांची व्याख्याने अभ्यासक्रमात घ्यावीत. यांतील एकही सूचना फार द्रव्याची अपेक्षा करीत नाही. शिक्षकाची तयारी आणि संस्थेची इच्छा मात्र प्रत्येकीला लागेल.

माझ्या सहव्यवसायी बंधुभगिनींनो, आपल्या हाती येणारा गळा हा त्या मुलाच्या आयुष्यभराच्या उपजीविकेचा ऐवज आहे. तो तीस-चाळीस वर्षे टिकेल, शब्दांशी प्रामाणिक राहील आणि त्या मुलाला सन्मानाने जगवील, अशी तालीम देणे आपल्याला शक्य आहे. म्हणून माझी विनंती आहे, की येथे ठराव संमत करून आपण उठावे आणि पुढील अधिवेशनाचा आरंभ अध्यक्षीय भाषणाने न करता, यांपैकी काय काय कोणत्या वर्गात अमलात आले याच्या अहवालाने करावा. मी परिषदेच्या कामकाजास प्रारंभ झाल्याचे जाहीर करतो.