दोष दाखवावा, पण कारणही विचारावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'दोन शब्द बोला' असे चिटणीसबाईंनी सांगितले आणि मला लोणच्याच्या बरण्या आठवल्या. जुन्या सभासदांना ते प्रकरण ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगते.

मंडळाने विक्रीसाठी प्रथमच कैरीचे लोणचे घातले, ते काम माझ्याकडे होते. महिन्याभरात काही बरण्यांत बुरशी आली. गिऱ्हाइकांचे पैसे परत करावे लागले. सभेत एक भगिनी सर्वांदेखत म्हणाल्या, "ज्यांना लोणचे टिकवता येत नाही, त्यांच्या हाती मंडळाचे काम द्यावेच कशाला?" म्हणणे निम्मे खरे होते, म्हणूनच अधिक झोंबले. पुन्हा मंडळाची पायरी चढायची नाही, असे ठरवूनच मी घरी गेले.

चार दिवसांनी आपल्यातल्या एक वयस्क काकू आल्या. दोष त्यांनीही झाकला नाही. म्हणाल्या, "लोणचे बिघडले, हे खरेच. पण सगळ्या बरण्या का बरे बिघडल्या नाहीत?"

रागाच्या भरात हा प्रश्न मला सुचलाच नव्हता! आम्ही दोघींनी उरलेल्या बरण्या उघडून पाहिल्या. जेथे फोडींवर बोटभर तेल होते, तेथे लोणचे उत्तम. जेथे फोडी तेलाबाहेर डोकावत होत्या, तेथे बुरशी. बुरशीला हवा आणि ओल लागते. तेलाचा थर हवा अडवतो. शिवाय शेवटच्या बरण्या मी घाईने धुऊन, उन्हात न वाळवताच भरल्या होत्या. पुढच्या वर्षी मी त्या टीका करणाऱ्या भगिनींनाच बरण्या तपासायला बोलावले. नजर त्यांचीच बारीक! त्या वर्षी एकही बरणी परत आली नाही. आज आमचा घरोबा आहे.

कधी मात्र बोल आपल्या कामाला नसतो, आपल्या बाईपणालाच असतो. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांना १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्या रडत बसल्या नाहीत. थेट संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यापुढे जाऊन त्यांनी कारण विचारले. एक वर्ष कसोटीवर राहण्याची अट पत्करली. त्यांचे काम पाहून रामन यांचेच मत पालटले, आणि पुढे इतर मुलींनाही तेथे वाट मिळाली. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. त्यांनी मिळवली.

म्हणून माझी एवढीच विनंती. दोष जरूर दाखवा. पण माणसाचा नव्हे, कामाचा. शक्यतो एकांतात सांगा, आणि सांगताना 'असे का झाले असेल?' हेही विचारा. ऐकणारीनेही उत्तर देण्याआधी तोच प्रश्न स्वतःला करावा. खरे असेल तर काम सुधारते. खोटे असेल तर बोलणाऱ्यालाच विचार करावा लागतो.

त्या दिवशी काकू आल्या नसत्या, तर आज मी येथे उभी नसते.