बीदरचा मतदार : भाषा आणि मत



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत होमिओपॅथीच्या डॉक्टरने निवडणुकांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण मत हेही माणसाचे बोलणेच आहे. सीमाभागातला माणूस घरात कोणती भाषा बोलतो, यावरून तो कोणाला मत देईल याचा तर्क बाहेरचे लोक नेहमी बांधतात. बीदर लोकसभा मतदारसंघात तो तर्क कितपत खरा ठरला, एवढेच आज पाहू.

पहिली निवडणूक १९५२ ची. बीदर तेव्हा हैदराबाद राज्यात होते. पोलीस कारवाईला जेमतेम चार वर्षे झाली होती, आणि १९४८ च्या हिंसाचाराची झळ सर्वाधिक बसलेल्या जिल्ह्यांत बीदरही होते. त्या बीदरने काँग्रेसचे डॉ. शौकतुल्ला शाह अन्सारी यांना दिल्लीला पाठवले. हे गृहस्थ उत्तर प्रदेशातले, पुढे ओरिसाचे राज्यपाल झाले. जखम ओली असताना दिलेले हे मत मला फार बोलके वाटते.

१ नोव्हेंबर १९५६ ला जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहिराबाद-नारायणखेडचा भाग आंध्रात आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. सोयरीक एका राज्यात, सातबारा दुसऱ्या राज्यात, अशी कितीतरी घरांची स्थिती झाली.

१९६२ पासून २००४ पर्यंत ही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. या काळात तीन नावे पुन्हा पुन्हा येतात : रामचंद्र वीरप्पा, शंकरदेव आणि नरसिंगराव सूर्यवंशी. १९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेस वाहून गेली, तेव्हा कर्नाटकाने २८ पैकी २६ जागा तिला दिल्या. त्यात बीदर होते. १९८०, १९८४ आणि १९८९ ला सूर्यवंशी आले. मग १९९१ ला भाजपने कर्नाटकात प्रथमच लोकसभेच्या चार जागा जिंकल्या आणि त्यातली एक बीदरची निघाली. विजयी कोण? रामचंद्र वीरप्पा! १९६२ आणि १९६७ ला काँग्रेसकडून निवडून आलेले हेच गृहस्थ १९९१ पासून २००४ पर्यंत पाच वेळा भाजपकडून जिंकले. २००४ ला विजयानंतर थोड्याच आठवड्यांत, नव्वदी ओलांडलेल्या वयात ते वारले. पोटनिवडणुकीत जागा पुन्हा सूर्यवंशींकडे, म्हणजे काँग्रेसकडे गेली. म्हणून बीदरने विचारसरणी बदलली असे म्हणताना जपून बोलावे. निदान काही मतदारांनी माणूस तोच ठेवला, चिन्ह बदलले.

पुनर्रचनेनंतर २००९ ला जागा खुली झाली. आज तिच्यात बीदर जिल्ह्याचे सहा विधानसभा मतदारसंघ आणि कलबुर्गी जिल्ह्यातले आळंद व चिंचोळी येतात. २००९ ला माजी मुख्यमंत्री धरमसिंग जिंकले. ते राजपूत, आणि या भागात त्यांच्या समाजाची मते ती किती! नुसती जातीची बेरीज त्यांना निवडून आणू शकली नसती. २०१४ ला भगवंत खूबा यांनी त्यांना ९२ हजारांवर मतांनी हरवले. २०१९ ला खूबांनी ईश्वर खंड्रे यांना १ लाख १६ हजारांवर मतांनी मागे टाकले. २०२४ ला ईश्वर खंड्रे यांचे २६ वर्षांचे चिरंजीव सागर यांनी त्याच खूबांना सुमारे १ लाख २९ हजार मतांनी हरवले. शेवटच्या दोन्ही लढती लिंगायत विरुद्ध लिंगायत अशाच होत्या. आणि गंमत पाहा, २०२३ च्या विधानसभेत या आठपैकी पाच जागा भाजपने जिंकल्या होत्या. वर्षभरात एवढा फरक पडला. औरादचे आमदार प्रभू चव्हाण यांनी स्वपक्षाच्या खूबांच्या उमेदवारीला उघड विरोध केला होता, हेही त्यात मोजावे लागेल.

आता मराठीचा प्रश्न. बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समितीने अनेक वर्षे आमदार निवडून दिले. बीदर, भालकी, औरादवरही महाराष्ट्राने हक्क सांगितला, पण समितीचे राजकारण इथे तसे रुजले नाही. मला दोन कारणे दिसतात. एक, इथे मराठी बोलणारा म्हणजे मराठाच असे नाही. लिंगायत, दलित, लमाणी, मुसलमान, जैन अशा कितीतरी घरांत दोन-तीन भाषा नांदतात. माझ्याकडे येणारा पेशंट दुखणे मराठीत सांगतो, औषध कसे घ्यायचे ते कन्नडमध्ये विचारतो आणि पैशाचा हिशेब दखनीत करतो. त्याचा भाषिक गट कोणता धरायचा? दुसरे, चार दशके जागा राखीव असल्याने मराठा-लिंगायत चुरस लोकसभेत उमेदवारांच्या रूपाने उभी राहिली नाही. ती विधानसभेत राहिली. बसवकल्याणच्या २०२१ च्या पोटनिवडणुकीआधी राज्य सरकारने मराठा विकास मंडळाची घोषणा केली, हे त्याचेच उदाहरण. त्या घोषणेत जात होती, भाषा नव्हती.

खरी अडचण इथेच आहे. प्रचाराला येणारा उमेदवार औरादमध्ये झकास मराठी बोलतो. मत मोजून झाले की मराठी शाळेतल्या रिकाम्या शिक्षकपदांचा विषय कोणी काढत नाही. ३७१-जे कलमाने या भागाला नोकऱ्यांत आणि शिक्षणात राखीव वाटा दिला. पण त्या नोकरीसाठी कन्नड यावेच लागते, आणि मराठी शाळेतल्या पोराला ते नीट शिकवायला शिक्षक लागतो. मराठी टिकावी आणि कन्नड यावे, या दोन मागण्या एकमेकींच्या वैरिणी नाहीत. एकाच पोराच्या त्या दोन गरजा आहेत.

गठ्ठा मत देऊ नका असे मी सांगणार नाही, द्या असेही नाही. आपल्या संस्थेने एवढे करावे : पुढच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला तालुकावार मराठी शाळांची आणि रिकाम्या पदांची यादी द्यावी, त्याचे उत्तर लेखी घ्यावे आणि ते मराठीत व कन्नडमध्ये छापावे. कौल मतदारांचाच राहील. निदान प्रश्न तरी आपला असेल.