४० हजार डॉलर कुठे अडकले?

मागच्या भागात आपण कंपनीकडून मिळणाऱ्या शेअर्सच्या टॅक्सबद्दल बोललो होतो. त्यावर एकाने मेसेज केला, "भावा, अमेरिकेतले लोक हे शेअर दान करून टॅक्स वाचवतात म्हणे, ते काय असतं?" प्रश्न छोटा आहे. पण तो वाचून मला माझाच एक घोळ आठवला, आणि तो सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होणार नाही. आधीच सांगतो, मी सीए नाही, वकीलही नाही. हिंजवडीत बॅकएंड लिहितो. जे शिकलो ते ठेच लागून शिकलो.

मी बीड जिल्ह्यातला, केज तालुक्यातला. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि टोळ्या निघतात साखर कारखान्यांकडे. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. माझ्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळीनंतर दिसायचीच नाहीत. अशा मुलांना मागे ठेवून घेणारं एक छोटं वसतिगृह आमच्या भागात एक ताई चालवतात. ३५ मुलं, तीन खोल्या, आणि मुलींसाठी एकच बाथरूम. मी त्यांचं फुकट आयटी डिपार्टमेंट आहे, म्हणजे वेबसाइट आणि व्हॉट्सॲप सांभाळतो.

आता दुसरं टोक. आमच्या कॉलेजचा एक सिनियर कॅलिफोर्नियात असतो, त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत त्याचा फोन आला. "अरे, दानासाठी ४० हजार डॉलर बाजूला काढलेत. आपल्या भागात कुणाला देता येतील ते सांग." मी हिशोब केला, तीस लाखांच्या वर. दुसऱ्या मिनिटाला ताईंना फोन. "ताई, दोन-तीन महिन्यांत पैसे येतायत. नवीन खोली आणि चार बाथरूम धरा."

चूक इथे झाली. दादाने पैसे "बाजूला काढले" म्हणजे नेमके कुठे ठेवले, हे मी विचारलंच नाही.

ते ठेवले होते डोनर-ॲडव्हाइज्ड फंडात. सगळे त्याला डॅफ म्हणतात. समजायला दानपेटी डोळ्यांसमोर आणा. देवस्थानच्या पेटीत नोट टाकली की ती तुमची राहत नाही, संस्थानची होते. तुम्ही पुजाऱ्याला म्हणू शकता की हे अन्नदानात लावा. ते बहुधा ऐकतीलही, पण अधिकार त्यांचा. डॅफ म्हणजे तुमच्या नावाचा कप्पा असलेली दानपेटी. कप्प्यातली शिल्लक ॲपवर दिसते, ती गुंतवलेली असते, वाढतही असते. कायद्याने मात्र पैसा स्पॉन्सर संस्थेचा. दादाने मला स्क्रीन शेअर करून दाखवलं तेव्हा माझी नजर बटणावर गेली. तिथे 'पाठवा' नव्हतं, 'शिफारस करा' होतं. यूआयमधला एक शब्द, पण सगळा कायदा त्यात आहे.

मग कुणी यात पैसे टाकेलच कशाला? तर टॅक्स. दादाकडचे शेअर एकेकाळी ८ हजार डॉलरचे होते, त्याचे झाले ४० हजार. विकले असते तर ३२ हजारांच्या नफ्यावर कॅपिटल गेन्स. वर्षापेक्षा जास्त ठेवलेले शेअर तसेच्या तसे डॅफमध्ये टाकले तर नफ्यावर टॅक्स नाही, वर पूर्ण ४० हजारांची वजावट, आणि तीही त्याच वर्षी. मर्यादा आहे, शेअर दिले तर उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत, रोख दिली तर ६०. उरलं तर पुढची पाच वर्षं वापरता येतं. त्यामुळे ३१ डिसेंबर जवळ आला की तिकडच्या पैसेवाल्यांची धावपळ सुरू होते. आधी पेटीत टाका, कुणाला द्यायचं ते नंतर बघू.

हे 'नंतर बघू' किती लांबू शकतं, याला कायद्यात मुदत नाही. अमेरिकेत स्वतःचं खासगी फाउंडेशन काढलं तर दरवर्षी साधारण ५ टक्के मालमत्ता दानात खर्चावी लागते. डॅफच्या खात्याला तसं बंधन नाही. कल्पना जुनी आहे, न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्टने १९३१ मध्ये असा पहिला फंड उघडला होता. १९९१ मध्ये फिडेलिटी चॅरिटेबल आली, मोठ्या गुंतवणूक कंपन्यांनी उभ्या केलेल्या अशा संस्था वाढल्या, आणि मग हे प्रकरण फुगलं. २००६ मध्ये तिथल्या कायद्यात त्याची व्याख्या झाली. २०२३ मध्ये अशा खात्यांत मिळून २५० अब्ज डॉलरपेक्षा जास्त रक्कम होती. त्यातून दानही भरपूर जातं, हे मान्य. पण वजावट घेऊन झालेली आणि कुठल्याच गावात न पोचलेली एवढी रक्कम म्हटल्यावर मला जरा कसंतरीच होतं.

असो. दादाने शिफारस केली, आणि स्पॉन्सरचं उत्तर आलं: परदेशी संस्थेला आम्ही असे थेट पैसे देत नाही. त्यांचंही बरोबर आहे. अमेरिकन संस्थेला पैसे देणं सोपं, सरकारी यादीत नाव बघितलं की झालं. परदेशी संस्थेसाठी दोन वाटा. एकतर ती संस्था अमेरिकेतल्या सार्वजनिक धर्मादाय संस्थेच्या तोडीची आहे हे घटना, हिशोब, विश्वस्त सगळं तपासून ठरवायचं. नाहीतर लेखी करार करून, खर्चाचे अहवाल घेत, पैशावर नजर ठेवायची. यात चूक झाली तर स्पॉन्सरवर २० टक्के दंडासारखा कर बसतो. एवढी कटकट टाळायला बरेच स्पॉन्सर सांगतात, पैसे आम्ही अमेरिकेतल्याच मध्यस्थ संस्थेला देतो, पुढचं ते बघतील. आपल्या लोकांच्याही अशा संस्था तिथे आहेत, अमेरिकेतल्या मराठी मंडळींचं महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ पासूनचं आहे.

मला वाटलं, सुटलं. नाही सुटलं. कारण आता पैसा भारताच्या दारात आला, आणि दारावर एफसीआरए उभा. परदेशी देणग्यांचा हा कायदा पहिल्यांदा १९७६ चा, आणीबाणीतला. सध्याचा २०१० चा, आणि २०२० मध्ये तो आणखी कडक झाला. परदेशी देणगी घ्यायची तर केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी हवी, पैसे आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत, आणि त्यातले २० टक्क्यांपेक्षा जास्त प्रशासनावर खर्चता येत नाहीत. पूर्वी ही मर्यादा ५० होती. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख खर्च दाखवता यायला हवा. ताईंचा खर्च तेवढा दिसतच नव्हता. ज्वारी गावातून येते, भाजी कुणीतरी आणून टाकतं, शिकवायला येणारे पैसे घेत नाहीत. काटकसर केली, आणि तीच आडवी आली.

मग मी इंजिनियरगिरी केली. म्हटलं, मध्ये प्रॉक्सी टाकू. नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेकडे पैसे येऊ देत, ते ताईंना देतील. पुण्यातल्या आमच्या ओळखीच्या सीए काकूंनी फोनवरच झापलं. "२०२० नंतर एका संस्थेने दुसरीला परदेशी पैसा द्यायलाच बंदी आहे. तू त्या बाईंना गोत्यात आणशील." त्या बदलांना कोर्टात आव्हान दिलं गेलं होतं, पण २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवले. एकेका रकमेसाठी सरकारची पूर्वपरवानगी मागायचीही सोय आहे. त्यासाठी देणगीदाराचं पत्र लागतं. आमचा कायदेशीर देणगीदार कोण? दादा नाही, स्पॉन्सर. स्पॉन्सर म्हणाला, आधी परवानगी दाखवा, मग पत्राचं बघू. आमच्या भाषेत याला डेडलॉक म्हणतात.

आणि मग काकूंनी सहज विचारलं, "तुझ्या त्या दादाचा पासपोर्ट कुठला आहे?"

भारतीय. ग्रीन कार्ड मिळालंय, नागरिकत्व आपलंच. काकू दोन सेकंद गप्प, मग म्हणाल्या, "अरे देवा, मग त्याने साधे बँकेतून पाठवायचे ना!"

हा भाग नीट ऐका, रिवाइंड करा हवं तर. भारतीय नागरिक परदेशात राहत असला आणि त्याने स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकिंग मार्गाने देणगी दिली, तर एफसीआरएच्या दृष्टीने ती परदेशी देणगी धरत नाहीत. तोच माणूस, तोच पगार. पण पैसा डॅफमध्ये गेला की तो अमेरिकन संस्थेचा झाला, म्हणून परदेशी. आणि एकदा टाकलेला परत काढता येत नाही. थेट पाठवला असता तर त्या दानावर अमेरिकेत वजावट मिळाली नसती, कारण परदेशी संस्थेला थेट दिलेल्या दानाला, एखाद-दुसऱ्या देशाशी असलेल्या कराराचा अपवाद सोडला तर, ती मिळत नाही. म्हणजे दादाने टॅक्स वाचवला त्या क्षणीच ताईंचं दार बंद झालं होतं, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. आमच्याच ग्रुपमधल्या दुसऱ्या मित्राने त्याआधीच अमेरिकन पासपोर्ट घेतला होता. त्याची साधी बचतसुद्धा आता परदेशी देणगीच, ओसीआय कार्ड असलं तरी.

जूनमध्ये मी गाडी काढून केजला गेलो. फोनवर सांगायची हिंमत नव्हती. ताईंनी जोत्याचा खड्डा खणून ठेवला होता, त्यात पावसाचं पाणी साचलेलं. मी सगळं सांगितलं, डॅफ, दिल्ली, शिफारस. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे भाऊ, पैशे हायेत, पर आपल्यासाठी न्हाईत, असंच ना?" मग चहा टाकला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादाला फार वाईट वाटलं. त्याने आपल्या बचतीतून ५ लाख थेट वसतिगृहाच्या ट्रस्टच्या खात्यात पाठवले, सोबत पासपोर्टची प्रत आणि पैसा स्वतःचा असल्याचं पत्र, कारण उद्या कुणी विचारलं तर ताईंच्या फायलीत उत्तर हवं. दसऱ्याच्या आत दोन बाथरूम झाले. खोली अजून नाही. ते ४० हजार डॉलर शेवटी मध्यस्थ संस्थेमार्फत, तिची फी कापून, दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या नोंदणीकृत संस्थेला गेले. त्यांचं काम चांगलं आहे, मी अहवाल वाचलाय, इंग्रजीत, रंगीत फोटोंसह. ताईंना असा अहवाल करून देणं हे आता माझं काम आहे. खर्चाची नोंदही नीट ठेवतोय, नोंदणीचा अर्ज करायची वेळ आली तर आकडे हाताशी असावेत म्हणून.

मागच्या डिसेंबरात दादाचा पुन्हा फोन. "यंदा शेअर टाकू की बँकेतून पाठवू?" मी म्हटलं, थांब, आधी ताईंना कॉलवर घेऊ. तिघं तासभर बोललो. थोडे डॅफमध्ये गेले, मोठ्या संस्थांसाठी, आणि खोलीच्या पत्र्याचे पैसे बँकेतून आले.

पुढच्या भागात सीए काकूंना माइकसमोर बसवतोय. तुमच्या घरातलं कुणी बाहेर असेल आणि गावाकडे देणगी पाठवायचा विचार करत असेल, तर प्रश्न आत्ताच पाठवून ठेवा. पासपोर्ट कुठला, तेही लिहा. काकू पहिलं तेच विचारतात.