गाडीचे पाटे आणि गाडीचा भार



आज आपण पिकअपच्या मागच्या पाट्यांविषयी बोलू. विषय साधा आहे, पण त्यावर पोट चालतं आणि जीवही टिकतो.

आपला पिंपरी-चिंचवड, चाकणचा भाग गाड्यांचा. १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी निघाली. पुढे आकुर्डीला तिचा कारखाना झाला. तिची गाडी इतकी चालली की, मालाच्या कोणत्याही लहान गाडीला लोक टेम्पोच म्हणू लागले. २००५ साली टाटा एस आली. तिला लोकांनी छोटा हत्ती म्हटलं. पण हत्तीच्या पाठीलाही हद्द असते.

पाटा म्हणजे काय? तो वाकवलेल्या पोलादाची पट्टी असतो. लांब पाटा एका बाजूला, त्याला लागून आखूड पाटे, अशी चळत रचतात आणि बोल्टने आवळतात. ओझं पडलं की पाटे दबतात, खड्डा गेला की पुन्हा उसळतात. म्हणून धक्का सांगाड्याला कमी बसतो.

आता पुष्कळ जण काय करतात? चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्या भरायच्या असतात. व्यापारी म्हणतो, "भाऊ, अजून दहा गोण्या टाक." गाडी मागं बसते. मग मिस्त्रीकडे जाऊन दोन पाटे वाढवायचे. गाडी उभी राहते. वाटतं, ताकद वाढली!

ताकद पाट्याची वाढली, गाडीची नाही. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेकही तेच. वजन वाढलं की गाडी थांबायला जागा जास्त लागते. खेडच्या घाटात उतरताना ती जागा कुठून आणणार? टायर तापतो आणि फुटतो. रिकामी गाडी परत येते तेव्हा कडक पाट्यांमुळे मागची चाकं उडतात, आणि ओल्या रस्त्यावर घसरतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर ओझ्याप्रमाणे कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो. गाडी मागून किती दबली, यावरून तो ओझं ओळखतो. पाटे वाढवले की गाडी दबत नाही. व्हॉल्व्हला वाटतं, गाडी हलकी आहे. म्हणजे ओझं जास्त, आणि मागचा ब्रेक कमी!

मग किती भरावं? ते गाडीच्या आर.सी.वर लिहिलेलं असतं. ते आपण स्वतः वाचावं. त्यावर दोन आकडे शोधा: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. समजा, रिकामी गाडी १,७०० किलो आणि भरलेली २,९५० किलो. वजा केल्यावर १,२५० उरतात. त्यात चालक आणि मदतनीस मिळून १५० किलो धरा. राहिले १,१०० किलो. पन्नास किलोची एक गोणी, तर बावीस गोण्या झाल्या. तेविसावी गोणी आपली नाही.

कायदाही हेच सांगतो. नोंदणीत लिहिलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही. जादा भार सापडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, आणि जादा प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवावा लागतो तो वेगळाच. दहा गोण्यांच्या भाड्यात हे भागेल का?

मग पाट्यांना हातच लावू नये का? तसं नाही. पाटा तुटला, चपटा झाला, गाडी एका अंगाला कलली, तर तो जरूर बदला. कंपनीने ठरवलेल्या मापाचाच घाला. दोन्ही बाजू सारख्या ठेवा. यू-बोल्ट थोडं चालवल्यावर पुन्हा आवळून घ्या. टायरमध्ये भरल्या गाडीची ठरलेली हवा ठेवा. जड माल फाळक्याकडे रचू नका, केबिनकडे घ्या. सगळा भार मागं गेला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हाताला लागत नाही.

रोजचंच ओझं मोठं असेल, तर दोन खेपा करा, नाहीतर मोठी गाडी घ्या. आणि व्यापाऱ्याने आग्रह केला, तर आर.सी. पुढे धरा. म्हणा, "शेठ, हा आकडा वाचा. मीही वाचला आहे."