अडगळीतली अवजारे

बोरी बुद्रुक येथे कुकडीच्या काठी, ज्वालामुखीच्या राखेच्या थराजवळ, अश्मयुगीन माणसाच्या हातकुऱ्हाडी मिळाल्या. १९८० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला. त्यांवर मालकाचे नाव नाही. घडवणाऱ्या हाताचे घाव तेवढे आहेत.

आज ट्रॅक्टर आलेल्या घरांच्या पडवीत कुदळी, टिकाव, पहारी गंजत पडतात. भूमिहीन मजुराला मात्र कामावर निघताना टिकाव मागून आणावा लागतो, आणि मागून आणलेल्या टिकावाबरोबर मिंधेपणही येते.

ही अवजारे भंगारात घालणे अयोग्य. दान म्हणून वाटणेही अपुरे. दानाने देणाऱ्याचा मोठेपणा वाढतो, घेणाऱ्याचा हक्क वाढत नाही. कार्यकर्त्यांनी ती घरोघरी गोळा करावीत, लोहाराकडून पाजवून व सुताराकडून दांडे बसवून घ्यावीत आणि दोघांना रोख मजुरी द्यावी. गावाचे सामाईक अवजारघर उभे राहावे. त्याची किल्ली व नोंदवही शेतमजूर स्त्रियांच्या हाती असावी.

उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची व्हावीत, ही समाजवाद्यांची जुनी मागणी आहे. तिचा ठराव पुन्हा मांडण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा स्वतःचा माळा धुंडाळावा.