गिरणीच्या आवारातील रविवार



रविवारी सायंकाळी करी रोड आणि लोअर परळ या स्थानकांवर उतरणाऱ्या गर्दीत नोकरीची घाई नसते. मुलांच्या अंगावर ठेवणीतले कपडे, आजीच्या हाती घरून भरून आणलेली पाण्याची बाटली, आणि सर्वांची पावले सेनापती बापट मार्गावरील फिनिक्सच्या दिशेने वळलेली. यांतील अनेकांना काहीच विकत घ्यावयाचे नसते. ते ‘मॉल बघायला’ आलेले असतात. त्यांचे आजोबा राणीच्या बागेत किंवा चौपाटीवर जात, तसेच.

या कुटुंबांना चंगळवादी ठरवणे फार सोपे आहे. व्यासपीठांवरून ते वारंवार घडतेही, आणि टाळ्याही मिळतात. परंतु दोन खोल्यांच्या घरात आठवडा काढणारी गृहिणी तेथे काय पाहते, याचा विचार टाळ्या देणारे सहसा करीत नाहीत. तिला तेथे न फुटलेली, न अडलेली वाट चालावयास मिळते. स्वच्छ स्वच्छतागृह मिळते. वयात आलेली मुलगी दोन तास निर्धास्तपणे फिरू शकते. म्हाताऱ्या सासूला रस्ता ओलांडावा लागत नाही. ही भूक वस्तूंची नव्हे, मोकळ्या आणि सुरक्षित जागेची आहे. ती भागवण्यासाठी दुकानांच्या दारी जावे लागावे, ही नागरी जीवनाची शोकांतिका आहे. ज्या भूमीवर हे घडते, तिचा इतिहास पाहिला म्हणजे तिचे स्वरूप अधिकच बोचरे होते.

फिनिक्स मिल १९०५ मध्ये स्थापन झाली. गिरणगावातील अनेक गिरण्यांपैकी ती एक. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस येथे बदली कामगार म्हणून लागे, गाववाल्यांच्या गाळ्यात पथारी टाकी, खानावळीत जेवे आणि भोंग्यावर दिवस मोजी. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. त्यानंतर कापडापेक्षा गिरणीखालच्या जमिनीलाच अधिक मोल आले.

ही जमीन सुमारे ६०० एकर होती आणि मुंबईच्या मध्यभागी होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिची वाटणी आखून दिली : ढोबळमानाने एक तृतीयांश उद्याने व मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडामार्फत घरांसाठी आणि उरलेली मालकासाठी. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने या जमिनींचा एकत्रित आराखडाही सुचवला. सुट्या सुट्या तुकड्यांऐवजी सलग मोकळ्या जागा मिळाव्यात, हा त्यामागील विचार होता. तो कागदावरच राहिला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. जुने बांधकाम पाडून जी जमीन रिकामी होईल, ती वगळली गेली. गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? साचेखाते, गोदामे, कचेऱ्या यांनीच ते भरलेले असे. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. दोष एका मॉलचा किंवा एका मालकाचा नाही. शहराच्या वाट्याची उद्याने एका शब्दाच्या अर्थात नाहीशी झाली, आणि ज्यांच्यासाठी ती होती ते नागरिक त्या वेळी अन्य वादांत गुंतलेले होते.

मॉल या कल्पनेच्या जनकालाही चौकच हवा होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. व्हिक्टर ग्रूएन हा मूळचा व्हिएन्नाचा वास्तुविशारद. १९३८ मध्ये नाझींमुळे त्याला मायभूमी सोडावी लागली. १९५६ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात त्याने साउथडेल हे छताखालचे, वातानुकूलित बाजारसंकुल उभारले. व्हिएन्नातील चौकांप्रमाणे लोक येथे भेटतील, भोवती घरे आणि बागा होतील, असे त्याचे स्वप्न होते. दुकाने झाली, भोवती मोटारींचे तळ झाले. उरलेले झाले नाही. उतारवयात त्याने या मॉलांचे पितृत्व नाकारले.

चौकात येणाऱ्याला कोणी अडवत नाही. मॉलमध्ये दार असते. मुंबईत १९९९ मध्ये हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ सुरू झाला, तेव्हा भ्रमणध्वनी किंवा क्रेडिट कार्ड नसणाऱ्याकडून प्रवेशशुल्क मागितले गेले. टीका झाली, अट गेली. आज तपासणी होते ती पिशवीची; परंतु आतली रचना आपले काम करीतच असते. घड्याळ क्वचितच दिसते, बाहेरचा उजेड बेताचाच. एका सरकत्या जिन्याने वर गेल्यावर पुढचा जिना गाठण्यासाठी अनेकदा दुकानांपुढून वळसा घ्यावा लागतो. खाण्याची ठिकाणे बहुधा वरच्या मजल्यावर. बाके मात्र मोजकीच. बसलेला माणूस खरेदी करीत नाही. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीच्या शेजारसंघांतील कुटुंबे घरी बसून वाणसामानाची यादी लिहितात आणि एकत्र आलेला माल आपसांत वाटून घेतात. तेथे गरज आधी, वस्तू नंतर. मॉलमध्ये वस्तू आधी दिसते आणि गरज परतीच्या गाडीत शोधावी लागते.

गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी. दीड लाखाहून अधिक कामगारांनी वा त्यांच्या वारसांनी अर्ज केले; घरे मिळाली ती त्यांतील थोड्यांनाच. त्या अर्जदारांपैकी कोणी रविवारी नातवाला घेऊन फिनिक्सच्या आवारात आलेला असणे मुळीच अशक्य नाही. गिरणीची चिमणी तेथे अजून उभी आहे, भोवती दिव्यांची आरास. नातू विचारतो, “आजोबा, हे काय आहे?” आजोबा बसण्यासाठी जागा शोधतात, ती मिळत नाही, मग उभ्यानेच सांगू लागतात की सकाळी भोंगा झाला म्हणजे आख्खी चाळ जागी होई. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून सुनेचा दूरध्वनी येतो : टेबल मिळाले आहे, लवकर या.