विरळ हवेची मोजणी

समुद्रसपाटीवर एक घनमीटर हवेचें वजन सुमारें सव्वा किलो भरतें. ५० किलोमीटर उंचीवर तेवढ्याच जागेंत जेमतेम एक ग्रॅम हवा उरते आणि १०० किलोमीटरांवर ग्रॅमचा हजारावा भागही नसतो. इतक्या नाममात्र हवेची मोजदाद कशासाठीं, अशी शंका साहजिक आहे. परंतु अंतराळांतून परतणाऱ्या यानाचा प्रचंड वेग याच थरांत रोखला जातो आणि यान विलक्षण तापतें. येथील घनतेचा अंदाज फार चुकला, तर आंतील माणसांच्या जिवाशींच गांठ!

अडचण अशी कीं, हवामानखात्याचे फुगे साधारणतः ३०-३५ किलोमीटरांपर्यंतच चढतात आणि उपग्रह इतक्या खालीं टिकत नाहींत. या मधल्या प्रदेशांत अग्निबाण शिरतो, पण तोही कांहीं मिनिटांपुरताच.

१९५० च्या दशकांत अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनीं अग्निबाणांतून गोळे सोडले आणि पडतांना हवा त्यांना किती अडविते, यावरून घनता काढली. त्यांपैकीं कांहीं गोळ्यांत वेगांतील बदल मोजणारें यंत्र असे. पुढें १९६० च्या सुमारास ‘रॉबिन’ नांवाचा गोळा आला. त्याच्या पोटांत यंत्रच नव्हतें. पातळ मायलरचा, एक मीटर व्यासाचा, दोनशे ग्रॅमांहून हलका असा हा फुगा घडी करून अग्निबाणांत ठेवीत. वर सुटल्यावर कुपींतील द्रवाची वाफ होऊन तो फुगून येई आणि जमिनीवरील रडार त्याचा माग घेई. वजन, आकार व वेग ठाऊक झाले, कीं घनता गणितानें निघे. घनतेवरून दाब आणि तपमानही. सुमारें ३० किलोमीटरांवर बाहेरच्या दाबानें गोळा चेपला, कीं त्याचें काम संपे.

यांत महाग रडार जमिनीवर सुरक्षित राहतें. गमवावा लागतो तो स्वस्त फुगा. अर्थात् गोळा नीट फुगला नाहीं, किंवा हवाच वरखालीं वाहूं लागली, तर उत्तर चुकतें. शिवाय वरची हवा ऋतूंप्रमाणें, किंबहुना दिवसागणिक बदलते. एकदांच केलेली सूक्ष्म मोजणी त्या दिवसापुरती खरी. यान कोणत्याही दिवशीं उतरलें, तरी हवा कोणत्या मर्यादेंत असेल, हें समजण्यास वर्षानुवर्षें पुनःपुन्हा मोजावें लागतें. आणि पुनःपुन्हा मोजावयाचें, तर साधन स्वस्तच हवें.